शहाण्णव गुणांची शार्डोने

पहिला घोट जिभेवर फिरला आणि सुमेधा माटेने पेला खाली ठेवला. वाइन चांगली होती. नको तेवढी चांगली होती.

तपासणीच्या खोलीत ती एकटीच होती. टेबलावर छोट्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर नुसता आकडा. बाटली कुणाची, ते निकाल लागेपर्यंत कुणालाच कळायचं नाही. नियम असा, की बाटली उघडायची, चमचाभर वाइन यंत्राच्या तोंडात ओतायची आणि येतील त्या गुणांवर सही करायची. चव घ्यायची कुणी सक्ती केली नव्हती. पण सुमेधा नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत वाढलेली. यंत्राने आधी बोलावं आणि आपण मागून मान डोलवावी, हे तिला पटायचं नाही.

सकाळपासून चाखलेल्या सगळ्या शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइन, एका छापाच्या होत्या. पिकून मऊ पडलेलं अननस, वर लोण्याचा जडपणा आणि गिळल्यावर घशाला दारूचा चटका. त्यात नवल काही नव्हतं. गेल्या वर्षीचा, २०४०चा उन्हाळा अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये असा पेटला होता, की लोकांनी कुत्र्यांना तळघरात नेऊन ठेवलं होतं. आणि आता ही बाटली. हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तसला वास. त्या उन्हाळ्यात अशी वाइन होऊच शकत नव्हती.

याहून वाईट म्हणजे ती कुणाची, हे तिला कळलं होतं. घोटाच्या शेवटी किंचित खारटपणा होता. तो इओलाच्या टेकड्यांवरच येतो, जिथे समुद्राचा वारा डोंगरातल्या खिंडीतून थेट आत घुसतो. त्याच्या मागून मधाळ, मोहाच्या फुलांसारखा वास आला, आणि तो अकेशियाच्या लाकडाच्या पिंपाचा होता. बाकी सगळे ओकची पिंपं वापरत. अकेशियाचं पिंप त्या टेकडीवर एकाच माणसाने घेतलं होतं आणि ते पसंत करायला सुमेधा स्वतः बरोबर गेली होती. तो माणूस म्हणजे तिचा नवरा, श्रीरंग.

तिने चमचाभर वाइन यंत्रात ओतली. मनातल्या मनात ती यंत्राला विनवत होती, की नापास कर. थोड्या वेळाने पडद्यावर हिरवा आकडा उमटला. शहाण्णव.

आता, नवऱ्याला चांगले गुण मिळाल्यावर बायकोने का घाबरावं, हे समजायला या यंत्राची थोडी कुंडली मांडायला हवी.

फ्रान्समध्ये बाटलीवर गावाचं नाव असतं आणि आत द्राक्ष कुठलं ते विचारायचं नसतं. अमेरिकेत उलटा कारभार. आधी द्राक्षाचं नाव, मग जागेचं. तरीही शे-दीडशे वर्षांत तिथल्या जागांनी आपापला स्वभाव कमावला होता. नापा म्हटलं की लोक ऊन आणि श्रीमंती चाखत, सोनोमाच्या किनाऱ्याकडून धुकं मागत, न्यूयॉर्ककडच्या सरोवरांकडून पोलादासारखी आंबट धार. ऑरेगनच्या विलामेट दरीकडे मागायची ती थंडी. आणि थंडी चाखायची तर शार्डोनेसारखं द्राक्ष नाही. त्याला स्वतःचं फारसं म्हणणं नसतं. ज्या जमिनीत आणि ज्या हवेत वाढेल तिथलंच ते बोलतं. खोटं बोलणाऱ्याला म्हणूनच त्याचा फार उपयोग.

थंडीची चव म्हणजे मुख्यतः एक आम्ल, मॅलिक आम्ल. कच्च्या सफरचंदाला धार असते ती त्याची. द्राक्षाचा मणी पिकू लागला, की रात्री श्वास घेताना तो हे आम्ल जाळतो. रात्र थंड असेल तर श्वास मंद आणि आम्ल शिल्लक. रात्र उकाड्याची असेल तर सगळं जळून जातं आणि मागे नुसती साखर उरते. यंत्र हे आम्ल मोजायचं, वासाचे शेकडो पदार्थ मोजायचं आणि पाण्यातला जड ऑक्सिजनही मोजायचं, कारण कडक उन्हात पानांतून हलकं पाणी लवकर उडतं आणि जड पाणी मागे राहतं. मग ते आपल्या पोटातल्या जुन्या वाइनशी सगळं ताडून बघायचं आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा द्यायचं. नव्वदच्या वर गुण पडले तर बाटलीवर 'विलामेट' लिहायची मुभा. खाली पडले तर नुसतं 'अमेरिकन व्हाइट वाइन' म्हणून बाजारात जायचं, अनाथासारखं.

घोळ असा होता, की यंत्राच्या पोटातल्या वाइन या शतकाच्या सुरुवातीच्या, चांगल्या थंड वर्षांतल्या होत्या. दरी तापत गेली आणि यंत्राची आठवण मात्र थंडच राहिली. सरळमार्गी लोकांची वाइन त्यांच्याच मातीत नापास होऊ लागली. मग तो फवारा आला. त्याला नाव होतं, पण कुणी घ्यायचं नाही. सगळे नुसतं 'फवारा' म्हणत. पिकणाऱ्या घडांवर मारला, की आम्ल जाळणारं जनुक काही आठवडे झोपी जायचं आणि मण्याला वाटायचं, बाहेर थंडी पडली आहे. काम संपलं, की दोन-चार दिवसांत फवारा विरघळून जायचा. मागे खूण नाही, वास नाही. त्यावर बंदी होती, पण जे सापडतच नाही त्याच्यावरची बंदी कागदावरच राहणार.

त्यामुळे बाटल्यांना दरीचं नाव देणाऱ्या मंडळाच्या कचेरीत, म्हणजे सुमेधा जिथे नोकरी करायची तिथे, एक विचित्र रीत पडली होती. नापास झालेल्याच्या पाठीवर लोक हात ठेवत, पास झालेल्याकडे डोळे बारीक करून बघत. तपासनीस तरी संशयापलीकडचा हवा, म्हणून मंडळाने आणखी एक नियम केला होता. तपासनिसाने घरच्या मळ्यात पाऊल टाकायचं नाही आणि मळ्याविषयी घरात चौकशी करायची नाही. शिवाय एखादा नमुना ओळखीचा वाटला, तर तो बाजूला ठेवून तसं कळवायचं.

सुमेधाला हे तिसरं कलम तोंडपाठ होतं. नमुना तिने बाजूला ठेवला नाही. बाजूला ठेवला असता तर दुसऱ्या तपासनिसाने शहाण्णव गुण बघून डोळे मिटून सही केली असती, आणि तेच तिला नको होतं.

श्रीरंग मूळचा पुण्याचा, संगणकाच्या चिपच्या कारखान्यातला इंजिनिअर. पोर्टलंडजवळच्या कारखान्यात बारा-तेरा वर्षं डोळे फोडून झाल्यावर त्याला शेतीचं वेड लागलं आणि त्याने इओलाच्या टेकडीवर शार्डोनेचा लहानसा मळा घेतला. तेव्हा सुमेधा रोज त्याच्याबरोबर जायची. तीन वर्षांपूर्वी तिला तपासनिसाची जागा मिळाली आणि तिचं जाणं बंद झालं. दोघं गावात राहत. तो सकाळी जीप घेऊन टेकडीवर जाई, ती कचेरीत. संध्याकाळी जेवायला समोरासमोर बसले, की 'आज काय केलंस?' एवढा साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. सुरुवातीला दोघांना याची गंमत वाटली. मग ते हवेवर, वरणाच्या फोडणीवर आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोलायला शिकले.

न बोलणाऱ्या घरात माणूस बघायला लागतो. गेल्या वर्षभरात सुमेधाने बरंच काही पाहून ठेवलं होतं.

जूनमध्ये श्रीरंग हातांना फोड घेऊन आला. नखांच्या कडांना लाल डाग होते, साबणाने न जाणारे. आणि तो वाइन पिईना. रोज जेवणाबरोबर अर्धा पेला घेणारा माणूस आठवडाभर ताक पीत बसला.

"पोट बरं नाही का?" तिने विचारलं होतं.

"बरंय की. ताक प्यावंसं वाटलं. ताकावर काही बंदी आहे का तुमच्या मंडळाची?" असं म्हणून तो हसला होता. ते हसणं तिला जरा घाईचं वाटलं.

ऑगस्टमध्ये जीपच्या पायपुसण्यावर तिला एक पान मिळालं. बोटाएवढं, पोपटी, हात लावला तर मुडपेल इतकं कोवळं. तिने ते चिमटीत धरून पिशवीत घातलं, प्रयोगशाळेत नेलं आणि दार लावून त्यावर फवाऱ्याचे अवशेष शोधले. काही मिळालं नाही. मिळणार नाही हे तिला माहीत होतं, तरी शोधले. पान कचऱ्यात टाकताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली, की गप्प बसत नाही.

सप्टेंबरात सगळी दरी काढणीत बुडाली. येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात रसाने चिकट, कपड्यांवर गांधीलमाश्या. श्रीरंग मात्र स्वच्छ हातांनी घरी यायचा. द्राक्षं काढणाऱ्याचे हात असे असतात का? पुढे ती त्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगू लागली. शिवाय फोन. अंगणात जीप उभी करून तो आतच बसून कुणाशी तरी हळू आवाजात मराठीत बोलायचा. एकदा ती कचरा टाकायला बाहेर गेली तेव्हा कानावर पडलं, "चुकलं तर आख्खं पीक जाईल हो." ती दिसताच त्याने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"पुण्याचा मित्र. त्याच्या भावाचं काहीतरी."

मित्राला कुणी 'हो' म्हणतं का? कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच कळलं होतं. मुरतंय कुठे, ते या बाटलीने सांगितलं.

तिने नमुन्याच्या पत्रकावर शहाण्णव लिहिले. त्याखाली तपासनिसाचा खास अधिकार वापरून शेरा मारला, 'खुलासा घ्यावा', आणि सही केली. हा शेरा मारला, की नमुन्याचा आकडा उघडतात आणि मालकाला मंडळापुढे बोलावतात. फवारा सिद्ध झाला तर त्या मळ्याला दरीचं नाव कायमचं बंद. श्रीरंगने नोकरी सोडून, राहतं घर गहाण टाकून ज्या नावासाठी जीव काढला होता, ते नाव.

संध्याकाळी ती जेवली नाही. श्रीरंगने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

त्याने बाम आणून दिला. तिने तो कपाळावर चोळला आणि मनात म्हणाली, आता तरी सांग. तो बामचं झाकण लावून झोपायला गेला.

सुनावणी पुढच्याच आठवड्यात लागली. मंडळाची बैठकीची खोली लाकडी, जुन्या बाटल्यांनी सजवलेली. अध्यक्षांनी मालकाचं नाव वाचून दाखवलं आणि पाच-सात माना एकदम सुमेधाकडे वळल्या. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने चेहऱ्यावर आश्चर्य आणायचा प्रयत्न केला. जमलं की नाही, तिला कळलं नाही.

श्रीरंग समोर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तिच्या शेऱ्याची बातमी त्याला पत्रातून कळली होती. घरी त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"मिस्टर माटे, तुम्ही फवारा मारलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग गेल्या वर्षीच्या उन्हात हे गुण आले कसे?"

श्रीरंगने सुमेधाकडे एक नजर टाकली. "वाइन माझ्या मळ्यातली आहे. याहून जास्त मी काही सांगू शकत नाही."

खोलीत कुजबुज झाली. सांगू शकत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सुमेधालाही कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. खोटं तरी नीट बोलावं माणसाने!

मग अध्यक्षांनी शेजारच्या मळ्याच्या मालकिणीला, मार्था हॉल्व्हर्सनला, उभं केलं. मार्था सत्तरीची, उन्हाने रापलेली, दरीत शार्डोने लावणाऱ्या जुन्या घराण्यातली. तिच्या वाइनला यंदा त्र्याऐंशी गुण पडले होते. तिच्या आजोबांनी लावलेल्या मळ्याला तिच्या हयातीत दरीचं नाव गमवावं लागलं होतं, आणि ते दुःख तिने लपवलं नव्हतं.

"मी चुगली करायला आले नाही," मार्था म्हणाली. "पण विचारलंत म्हणून सांगते. गेल्या जूनमध्ये या माणसाने स्वतःचं पीक कापून टाकलं. वेलींवर घड धरले होते, हिरवे, मिरीएवढे. याने कात्री घेतली आणि सगळं खाली पाडलं. पानं, घड, काही ठेवलं नाही. काड्यांचे वीतभर खुंट उरले फक्त. मला वाटलं, उन्हाला कंटाळून शेती सोडतोय बिचारा. वर त्या खुंटांवर ब्रशने लाल रंग फासत बसला होता. मग मला मुलीकडे जावं लागलं, मी हिवाळ्यातच परतले. पण एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याने पीक जमिनीवर पाडलं, त्याच्याकडे वाइन आली कुठून? बाहेरून आणली असणार. मला वाईट वाटतं, सुमेधा."

खोलीतल्या सगळ्यांना निकाल लागल्यासारखं वाटलं. बाहेरून आणलेली वाइन म्हणजे फवाऱ्याहून मोठा गुन्हा.

सुमेधा मात्र खुर्चीत ताठ झाली होती. वीतभर खुंट. ब्रश. लाल रंग.

पिंपळगावकडे वेलींना झोप येईल इतकी थंडी कधी पडतच नाही. म्हणून तिथला बागाईतदार वेलींना कात्रीने झोपवतो आणि कात्रीनेच उठवतो. वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, सगळं खरडून टाकायचं. मग पावसाळा ओसरला, की दुसरी छाटणी. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावायची आणि कुठला डोळा झाला, कुठला राहिला ते कळावं म्हणून पेस्टमध्ये लाल रंग कालवायचा. दुसऱ्या छाटणीची तारीख शेतकऱ्याच्या हातात. तो ठरवील तेव्हा वेल फुटते, तो ठरवील त्या ऋतूत पिकते. जूनमध्ये छाटली तर द्राक्षं ऑगस्टच्या भट्टीत पिकणार नाहीत. ती नोव्हेंबरच्या धुक्यात पिकतील, थंड रात्री, मंद श्वास घेत. पीक अर्ध्याहून कमी येईल, पण थंडी खरी असेल.

आणि ताक! पेस्ट लावणाऱ्या गड्यांना तिचे वडील, अण्णा, दम भरायचे, "आठवडाभर दारूला शिवायचं नाही रे, जिवावर बेतंल." पेस्ट अंगात गेलेल्या माणसाने दारू घेतली तर छाती भरून येते, चेहरा लालबुंद होतो. लहानपणी हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं. अण्णा स्वतः गड्यांना ताक पाजायचे.

आणि पान. ऑगस्टात द्राक्षाचं पान निबर आणि चामड्यासारखं असतं. बोटाएवढं पोपटी पान ऑगस्टात कुठून येईल? ते तिच्या चिमटीत होतं. तिने त्यावर औषध शोधलं आणि पान मात्र पाहिलं नाही. पिंपळगावची कुठलीही शाळकरी पोर ते पान बघून म्हणाली असती, हा बाग नुकताच छाटलाय. सप्टेंबरातले स्वच्छ हातही म्हणूनच, त्याची काढणी तेव्हा व्हायचीच होती.

गेल्या ऑक्टोबरात अण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे, "काय गं सुमे, थंडी पडली का तिकडं?" तिला वाटायचं, म्हातारपणी माणूस हवापाण्यावरच बोलतो. श्रीरंगच्या फोनवरचा तो आदराचा 'हो' कुणासाठी होता, ते आता तिच्या ध्यानात आलं.

श्रीरंग अजूनही गप्प उभा होता, आणि तो गप्प का हेही तिला त्याच क्षणी कळलं. त्याने सांगितलं असतं की मला हे तपासनीसबाईंच्या वडिलांनी शिकवलं, तर मंडळाने म्हटलं असतं, सगळं घरच सामील आहे. तिची नोकरी गेली असती. तो नाव घालवायला तयार होता आणि ती नोकरी धरून खुर्चीत बसली होती.

गप्प राहिली असती तर तिने नियम मोडल्याचं कुणालाच कळलं नसतं. सुमेधा उठून उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "ती बाटली माझ्या नवऱ्याची आहे हे मला चव घेतल्याबरोबर कळलं होतं. मी नमुना बाजूला ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. मला त्याचा संशय आला म्हणून मी शेरा मारला. माझ्याकडे पुरावा नव्हता. चूक माझी आहे, तिची जी काय शिक्षा असेल ती द्या. पण मार्थांनी आत्ता जे सांगितलं तो गुन्हा नाही. ती छाटणी आहे. माझ्या माहेरी माझे वडील, आजोबा, सगळे अशीच करतात."

"सुमे, बस खाली," श्रीरंग मराठीत म्हणाला.

"नाही बसणार."

तिने सगळं समजावून सांगितलं. दोन्ही छाटण्या, पेस्ट, ताकसुद्धा. अध्यक्षांनी लिहिणं थांबवलं. मार्था पुढे झुकून ऐकत राहिली.

त्याच दुपारी मंडळ टेकडीवर गेलं. सुमेधाला जाता आलं नाही, नियम अजून लागू होता. पण मार्थाने आल्यावर सांगितलं. प्रत्येक वेलीवर दोन काप होते. एक हिवाळ्यातला, जुना, आणि त्याच्या वर जूनमधला. सालीच्या फटींत अजून लाल रंग होता. आणि यंत्रानेही आपली साक्ष दिलीच होती. आकड्यामागची मोजणी या वेळी उघडून पाहिली, तर पाण्यातला जड ऑक्सिजन कमी भरला होता, म्हणजे पाणी त्याच टेकडीचं आणि हवा खरोखर थंड. "यंत्र पहिल्यापासून खरंच सांगत होतं," मार्था म्हणाली. "आपल्यालाच खरं वाटेना." मग जरा घुटमळून तिने विचारलं, "ती पेस्ट कालवतात कशी गं? मलाही शिकवशील?"

मळ्याला नाव मिळालं. सुमेधाची नोकरी गेली. अध्यक्षांनी निरोप देताना हात हातात घेतला आणि नुसतं 'काळजी घ्या' म्हणाले.

संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसली. ऊन अजून खिडकीत होतं. श्रीरंगने टेबलावर बिनलेबलची एक बाटली आणून ठेवली होती, पण उघडली नव्हती.

"अण्णांनी शिकवलं?" सुमेधाने विचारलं.

"दोन वर्षं. पहिल्या वर्षी एका ओळीवर, मग सगळ्यावर. व्हिडिओवर मला बागेत उभं करून शिव्या घालायचे. म्हणाले, 'जावई, कात्री धरताय का चमचा?'" तो किंचित हसला. "पोरीला सांगू नका, तिच्या नोकरीवर येईल, असं त्यांनीच बजावलं होतं."

"श्री, मी तुझ्या जीपमधलं पान तपासलं. ऑगस्टमध्ये. प्रयोगशाळेत नेऊन."

त्याने मान वर केली. "पान?"

"आणि तुझे शर्ट हुंगायचे."

शेजारचं कुत्रं भुंकून थांबलं.

"मला विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारायला बंदी होती."

"पान तपासायला नव्हती?"

तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. श्रीरंग उठून तिच्याजवळ आला नाही, पण उठून गेलाही नाही. थोड्या वेळाने त्याने बाटली उघडली आणि दोन पेले भरले. पाटीवरच्या ओल्या फडक्याचा तो वास टेबलभर पसरला. सवयीने सुमेधाने पेला उचलला, तिरपा केला आणि नाकाशी नेला. तिच्या नाकपुड्या फुलल्या.

श्रीरंगने आपला तळवा तिच्या पेल्यावर ठेवला.

"आधी मला विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"जे तीन वर्षांत विचारलं नाहीस ते."

सुमेधाने पेला खाली ठेवला. प्रश्न साधाच होता. "आज काय केलंस?"

"आजचं तुला माहीत आहे. गेल्या जूनपासून सांगतो." त्याने खुर्ची जवळ ओढली. "पहिल्या वेलीपाशी कात्री घेऊन उभा राहिलो. घड धरलेले होते गं. अण्णा फोनवर ओरडत होते, 'कापा!' आणि मला कापवेना..."

तो सांगत गेला. ऐकता ऐकता सुमेधाच्या लक्षात आलं, की आपण त्याच्या प्रत्येक वाक्याला मनात गुण देतोय. हे खरं, हे जरा वाढवून, हे खरं. तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याचं बोट धरलं. बोटाच्या टोकाला जूनमधल्या फोडाचा फिकट वण अजून होता. आता ती नुसतं ऐकू लागली. मध्येच मनात गुण उमटत, ते ती पुसत राहिली. पेल्यातली वाइन तशीच राहिली आणि हळूहळू कोमट झाली.